तेल, वात आणि उत्तरदायित्व

संत योहानलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक लहानसा उल्लेख येतो. यरुशलेमात समर्पणाचा सण चालू होता, हिवाळ्याचे दिवस होते आणि प्रभू येशू मंदिरातील शलमोनाच्या देवडीत फिरत होता, अशी नोंद शुभवर्तमानकार करतो. पुढे लगेच प्रभूचा यहुद्यांशी झालेला संवाद सुरू होतो आणि आपले लक्ष तिकडे वेधले जाते. त्यामुळे सणाचा हा उल्लेख आपल्या मनात क्वचितच रेंगाळतो. हा समर्पणाचा सण म्हणजेच आजचा हनुक्का. यहुदी पंचांगातील किसलेव महिन्याच्या २५ तारखेस त्याचा आरंभ होतो आणि तो आठ दिवस चालतो. आपण आगमनकाळाच्या मेणबत्त्या लावीत असतो, बहुधा त्याच सुमारास जगभरातील यहुदी कुटुंबे आपापल्या दारात किंवा खिडकीत दिवे लावीत असतात. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे करीत आठव्या रात्री आठ.

या सणामागील इतिहास आपल्या बायबलमध्ये आहे. मक्काबींचे दोन ग्रंथ कॅथलिक बायबलात समाविष्ट आहेत. यहुदी धर्मग्रंथांच्या यादीत आणि प्रॉटेस्टंट बायबलात ते नाहीत. जो सण यहुदी समाज दरवर्षी साजरा करतो, त्याची सर्वांत जुनी हकीकत जतन करण्याचे काम असे ख्रिस्तसभेकडे आले. अंतियोख एपिफानेस या ग्रीक राजाने इ.स.पूर्व १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले. यहुदा मक्काबी व त्याच्या भावांनी लढा देऊन ते परत मिळविले आणि इ.स.पूर्व १६४ मध्ये नवी वेदी बांधून त्याचे पुन्हा समर्पण केले. दीपवृक्षावरील दिवे पुन्हा पेटले, हेही त्या ग्रंथात नोंदविले आहे. परंतु आपण ऐकलेली तेलाच्या कुपीची कथा मात्र तेथे नाही. प्रमुख याजकाची मोहर शाबूत असलेली एकच कुपी सापडली, तीत एका दिवसापुरते तेल होते आणि ते आठ दिवस पुरले, ही कथा तालमुद या यहुदी परंपरेच्या महाग्रंथात येते.

त्याच ठिकाणी, या चमत्काराच्या आगेमागे, रब्बींची एक चर्चा आहे. वरवर पाहता ती रूक्ष वाटते. दिव्यात कोणते तेल घालावे, वात कशाची असावी, दिवा मध्येच विझला तर काय करावे, असे तिचे स्वरूप आहे. चमत्काराच्या शेजारी ही हिशेबी चिकित्सा कशासाठी, असे कोणासही वाटेल. आम्हांला मात्र या चर्चेत एक गंभीर नैतिक प्रश्न दिसतो, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या घरातील आहे. मनुष्य देवासाठी जे काही करतो त्यातील त्याची जबाबदारी नेमकी कोठवर पोहोचते? साधन उत्तम नसेल तर त्याचे करणे कमी दर्जाचे ठरते काय? आणि केलेले टिकले नाही तर तो दोषी ठरतो काय?

प्रथम नियम पाहू. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये शब्बाथसंबंधीच्या ग्रंथाचा दुसरा अध्याय याच विषयाने सुरू होतो. शब्बाथचा दिवा कशाने लावावा आणि कशाने लावू नये, याची तेथे यादी आहे. देवदाराच्या सालीचे तंतू, न विंचरलेली अळशी, रेशमाचा गाळ, पाण्यावरील शेवाळ यांच्या वाती निषिद्ध. डांबर, मेण, मेंढीच्या शेपटीची चरबी, गुराढोरांची चरबी ही इंधने निषिद्ध. कारण व्यावहारिक आहे. अशा वातीवर ज्योत नीट बसत नाही, ती फडफडते; आणि असे इंधन वातीत नीट ओढले जात नाही. शब्बाथच्या रात्री दिव्याच्या उजेडात कुटुंब जेवते. दिवा मंदावला की तो कलता करून तेल वातीकडे आणण्याचा मोह होतो, आणि त्या दिवशी अग्नीला हात लावणे वर्ज्य आहे. म्हणून दिवा मुळातच असा हवा, की लावल्यावर त्याकडे पुन्हा पाहावे लागू नये.

ही दूरदृष्टी किती बारकाईची आहे, ते आणखी दोन उदाहरणांवरून कळेल. एक प्रकारचे डांबरी तेल चालेल की नाही, याची चर्चा करताना त्याची दुर्गंधी लक्षात घेतली आहे: वास सहन न होऊन मनुष्य दिवा सोडून दुसरीकडे जाईल, आणि ज्याच्यासाठी दिवा लावला तो हेतूच फसेल. उलट, सुगंधी बाल्समही नको, असे एका रब्बींचे मत आहे. कारण वास इतका मोहक, की मनुष्य त्यातले थोडे काढून घेईल. दुर्गंध माणसाला पळवतो आणि सुगंध त्याला हात लावायला लावतो. नियम करणाऱ्यांनी तेलाइतकीच माणसाच्या स्वभावाचीही पारख केली आहे.

यापुढचा प्रसंग आम्हांला फार मोलाचा वाटतो. रब्बी तार्फोन हे मोठे विद्वान. त्यांचे मत असे, की शब्बाथचा दिवा फक्त ऑलिव्हच्या तेलानेच लावावा. मताला आधार होता. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपातील दिव्यासाठी कुटून काढलेले शुद्ध ऑलिव्हचे तेलच आणावयास सांगितले आहे. त्याचा उजेड निर्मळ असतो आणि वातीत ते सहज चढते. जे मंदिरास योग्य तेच घरासही असावे, ही भक्ताची इच्छा उदात्तच म्हणावी लागेल. तेव्हा रब्बी योहानान बेन नूरी उभे राहिले, असे तालमुद सांगते. त्यांनी शास्त्राधार दिला नाही. त्यांनी माणसांची नावे घेतली. बाबिलोनच्या लोकांनी काय करावे? त्यांच्याकडे तिळाच्या तेलाखेरीज काही नाही. मेदियाच्या लोकांकडे अक्रोडाचेच तेल आहे. आलेक्सांद्रियात मुळ्याच्या बियांचे तेल तेवढे मिळते. कप्पदोकियात यांतले काहीच नाही. तेथे जमिनीतून निघणारा नाफ्थाच आहे. त्यांनी काय करावे? निर्णय सर्व तेलांच्या बाजूने झाला. ज्या थोड्या वस्तू स्पष्टपणे नाकारल्या आहेत त्या सोडून बाकीची सर्व तेले ग्राह्य ठरली.

शब्बाथच्या दिव्याविषयी हे झाले. हनुक्काच्या दिव्यात मात्र त्या नाकारलेल्या वस्तूही चालतील काय, हा पुढचा प्रश्न होता. त्यावर तालमुदात तीन आचार्यांची तीन मते आहेत, आणि ती दोन लहान प्रश्नांवर उभी आहेत. दिवा अवेळी विझला तर तो पुन्हा लावण्याचे बंधन आहे काय? आणि त्या दिव्याच्या उजेडाचा आपल्या कामासाठी उपयोग करता येतो काय? रव हुना म्हणतात, विझला तर पुन्हा लावलाच पाहिजे. म्हणून विझण्याचा संभव असलेले तेल मुळातच नको. रव हिस्दा म्हणतात, पुन्हा लावण्याचे बंधन नाही, परंतु उजेडाचा उपयोग करता येतो. म्हणून इतर दिवशी असे तेल चालेल, शब्बाथच्या रात्री नको, कारण उजेड वापरणारा दिवा कलता करील. तिसरे मत रव यांच्या परंपरेतून आले: पुन्हा लावण्याचे बंधन नाही आणि उजेड वापरण्याची मुभाही नाही, म्हणून हनुक्कासाठी कोणतेही तेल आणि कोणतीही वात कोणत्याही रात्री चालेल. हेच मत पुढे प्रमाण ठरले. रब्बी योसेफ कारो यांचा ‘शुल्खान आरूख’ हा धर्मनियमांचा ग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. त्यात सर्व तेले आणि सर्व वाती हनुक्काच्या दिव्यास योग्य आहेत, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच ठिकाणी कारणही दिले आहे: दिवा लावणे हीच आज्ञेची पूर्ती आहे. लावल्यानंतर तो वेळेपूर्वी विझला, तर लावणाऱ्यावर पुन्हा लावण्याचे ऋण राहत नाही.

म्हणजे यहुदी घरात दोन प्रकारचे दिवे आहेत. शब्बाथचा दिवा वापरावयाचा आहे. तो टिकला पाहिजे, म्हणून त्याच्या तेलाविषयी नियम कडक. हनुक्काचा दिवा केवळ पाहावयाचा आहे. तो साक्ष देतो, म्हणून त्याच्या तेलाविषयी नियम उदार. त्याच्या उजेडात पैसे मोजू नयेत, अशी तालमुदाची सूचना आहे. उजेडाची गरज असेल तर शेजारी दुसरा दिवा ठेवावा. आज नऊ दिव्यांची जी दीपमाळ दिसते, तिच्यातील नववा दिवा याच दक्षतेतून आला आहे.

येथे क्षणभर थांबून स्वतःकडे पाहावेसे वाटते. श्रद्धेच्या उजेडात आपण किती वेळा पैसे मोजतो? नोकरी लागावी म्हणून नोव्हेना, शेजाऱ्याच्या वरचढ दिसावे म्हणून सणाची रोषणाई, चारचौघांत मान मिळावा म्हणून देणगी. देवाकडे मागणे यात काही वावगे नाही. प्रभूनेच आपल्याला रोजची भाकर मागावयास शिकविले आहे. तरीही घरात एक तरी दिवा असा असावा, ज्याच्याकडून आपल्याला काहीही नको आहे. जो दिवा कामासाठी वापरायचा त्याचे मोल त्याच्या उपयुक्ततेने ठरते. जो फक्त साक्षीसाठी लावला, तो गरिबाच्या निकृष्ट तेलावर जळत असला तरी उणा पडत नाही, कारण कृतज्ञतेचे मोजमाप प्रकाशाच्या तीव्रतेने होत नसते. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूने शिष्यांचे लक्ष वेधले, ते याच दृष्टीने.

आता दुसऱ्या, अधिक बिकट प्रश्नाकडे वळू. लावलेला दिवा विझला तर काय? आपल्या धर्मग्रामांत हा प्रश्न अनेक घरांत मुकाट्याने वावरत असतो. आईवडिलांनी मुलाचा बाप्तिस्मा केला, संध्याकाळच्या रोझरीला त्याला शेजारी बसविले, धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठविले, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी पांढरे कपडे शिवले. मूल मोठे झाले, शिकले, दूर गेले आणि हळूहळू मिस्साला जाईनासे झाले. घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. रात्री प्रार्थनेला बसलेल्या आईच्या मनात मात्र एकच विचार घोळत असतो: आमचेच कोठेतरी चुकले. वर्षानुवर्षे धर्मशिक्षण देणारा शिक्षक हेच म्हणतो. वस्तीत तरुणांचे मंडळ उभारणारा आणि चार वर्षांत ते मोडलेले पाहणारा कार्यकर्ताही हेच म्हणतो. विझलेल्या दिव्यासमोर उभा राहिलेला मनुष्य स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो.

प्राचीन रब्बींचे उत्तर अशा माणसाला सांत्वन देते, परंतु ते स्वस्त सांत्वन नव्हे. दिवा लावणे हीच आज्ञेची पूर्ती, असे म्हणताना त्यांनी ‘लावणे’ या शब्दाच्या पोटात बरेच काही घातले आहे. लावण्याच्या क्षणी दिव्यात सूर्यास्तानंतर अर्धा तास पुरेल इतके तेल असलेच पाहिजे. पूर्वीच्या काळी बाजारातील माणसांची ये-जा थांबेपर्यंतचा तो वेळ होता. तेल कमी घालून दिवा लावला आणि मग वरून भर घातली, तर आज्ञा पूर्ण होत नाही. तेल आधीच असावयास हवे. नंतरच्या भाष्यकारांनी आणखी स्पष्ट केले, की वाऱ्याच्या झोतात दिवा ठेवला आणि तो विझला, तर ‘मी लावला होता’ हे म्हणणे चालणार नाही; तो पुन्हा लावावा लागेल. थोडक्यात, जे माणसाच्या हातात आहे ते त्याने पुरेपूर केलेले असावे: तेल पुरेसे, वात जागेवर, दिवा आडोशाला. यानंतर आलेल्या झुळकीचा हिशेब त्याच्याकडे मागितला जात नाही.

या नियमाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही आपल्याला लागू पडतात. ‘आम्ही बाप्तिस्मा केला, आमचे काम संपले’ असे म्हणणाऱ्या पालकाला हा नियम पाठीशी घालीत नाही. घरात प्रार्थना नाही, शुभवर्तमानाचे वाचन नाही, मुलांदेखत धर्मगुरूंची आणि शेजाऱ्यांची निंदा मात्र आहे. असा दिवा वाऱ्यातच ठेवला होता. त्या दिव्याचे ऋण शिल्लक राहते. दहा कुमारिकांच्या दाखल्यात प्रभूने हेच बजावले आहे. शहाण्या कुमारिकांनी तेल आधीच बरोबर घेतले होते. मध्यरात्री धावाधाव करून आणलेले तेल मूर्ख कुमारिकांच्या उपयोगी पडले नाही. मात्र ज्यांनी मनापासून तेल घातले, त्यांच्यावर हा नियम दोषाचे ओझे टाकत नाही. तेथे तो थांबतो, आणि त्याचे हे थांबणे फार दयाळू आहे.

मूल म्हणजे पणती नव्हे, हा आक्षेप येथे घेता येईल आणि तो रास्त आहे. पणतीला स्वतःची इच्छा नसते. मुलाला असते, आणि ती देवानेच दिली आहे. परंतु या फरकामुळे मूळ विचार अधिकच बळकट होतो. वाऱ्याच्या झुळकीबद्दलही जर माणसाला जबाबदार धरले जात नसेल, तर दुसऱ्या जिवाच्या स्वातंत्र्याबद्दल त्याला कसे जबाबदार धरावे? संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिताना लावणी आणि शिंपण ही माणसांची कामे म्हणून सांगितली आणि वाढ देवाच्या हाती ठेवली. आपल्या मराठी मुलखात निष्काम कर्माचा विचार गीतेच्या आणि ज्ञानेश्वरीच्या द्वारे घरोघर पोहोचला आहे. त्याच्याशी या नियमाचे नाते सहज जुळते. मात्र येथे फळाची आस सोडण्याचा उपदेश नाही. यहुदी गृहस्थाला दिवा तेवत राहावा असेच वाटते. म्हणून तर तो तेल मोजून घालतो.

शिवाय विझलेला दिवा पुन्हा लावण्यास कोणी मनाई केलेली नाही. क्राकोचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी सोळाव्या शतकात ‘शुल्खान आरूख’वर जी टिपणे लिहिली, त्यांत ते म्हणतात, की कोणाला अधिक काटेकोरपणे वागून दिवा पुन्हा लावावयाचा असेल तर त्याने लावावा, फक्त आशीर्वचन पुन्हा म्हणू नये. आशीर्वचन आज्ञेसाठी असते, आणि आज्ञा तर पूर्ण झालेली आहे. आता जे होत आहे ते केवळ प्रेमापोटी. दूर गेलेल्या मुलासाठी आई रोज एक माळ जपते, ती अशा जातीची आहे. दोष फेडण्यासाठी ती जपू लागली, तर थोड्याच दिवसांत तिच्या प्रार्थनेत कडवटपणा उतरेल, आणि मुलगा घरी आलाच तर त्याला प्रथम तो कडवटपणा भेटेल. ऋण फिटल्याची खात्री असलेला मनुष्यच मोकळ्या मनाने दुसऱ्यांदा दिवा लावू शकतो. उधळ्या पुत्राचा बाप वाटेकडे डोळे लावून होता, पण तो स्वतःला दोष देत बसला होता असे शुभवर्तमान कोठेही सांगत नाही.

सर्व तेले चालतात असे एकदा ठरले, की मग उत्तम तेल कोण आणील, ही शंका उरते. सवलत दिली की भक्ती ढिली पडते, अशी तक्रार आपल्याकडेही ऐकू येते. रब्बींनी ही शंका वेगळ्या रीतीने सोडविली. रब्बी यहोशुआ बेन लेवी यांचे वचन असे, की सर्व तेले दिव्यास चांगली, परंतु ऑलिव्हचे तेल सर्वांत निवडक. अबाये हे आपल्या गुरूंविषयी सांगतात, की ते पूर्वी हनुक्कासाठी तिळाचे तेल शोधीत, कारण त्याचा दिवा अधिक वेळ जळतो. हे वचन ऐकल्यावर ते ऑलिव्हचे तेल शोधू लागले, कारण त्याचा उजेड अधिक स्वच्छ. गुरूंवर कोणी सक्ती केली नव्हती. त्यांच्याजवळ निवड होती आणि त्यांनी प्रेमाने उत्तम ते निवडले. ज्याच्याजवळ निवड नाही त्याला कमी लेखण्याचे कारण मात्र त्यांना मिळाले नाही. अन्य नियमांतही हाच तोल आहे. मातीची पणती दर रात्री नवी असावी. परंतु जुनीच तेवढी घरात असेल तर जुन्या पणतीत दिवा लावावा. वात मात्र संपेपर्यंत तीच वापरावी. मंदिर उभे असताना मंडपसणाच्या रात्री अंगणात जे प्रचंड दिवे पेटत, त्यांच्या वाती याजकांच्या फाटलेल्या चोळण्यांच्या आणि कमरपट्ट्यांच्या चिंध्यांपासून केलेल्या असत. सेवेत झिजलेले वस्त्र टाकून न देता त्यालाच प्रकाशाचे काम देण्यात आले, ही कल्पना वृद्ध धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना पाहताना आम्हांला पुन्हापुन्हा आठवते.

ख्रिस्तसभेलाही या वाटेने जावे लागले आहे. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्यात पवित्र साक्रामेंतासमोर रात्रंदिवस तेवणारा दिवा ऑलिव्हच्या तेलावर किंवा मधमाश्यांच्या मेणावर जळावा, असा नियम होता; ऑलिव्हचे तेल मिळत नसेल तेथे स्थानिक बिशपांनी विवेकाने दुसरे तेल, शक्यतो वनस्पतीचे, वापरण्यास अनुमती द्यावी, अशी तरतूद त्याच कलमात होती. आजारी माणसाच्या तैलाभ्यंगासाठी तर ऑलिव्हचे तेल साक्रामेंताच्या वैधतेसाठीच आवश्यक मानले जाई. ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप सहावे पौल यांनी तो नियम बदलला. जगाच्या काही भागांत ऑलिव्हचे तेल मिळत नाही किंवा मिळणे कठीण जाते, असे अनेक बिशपांनी कळविले होते. म्हणून वनस्पतीपासून काढलेले दुसरे तेलही चालेल, असे त्यांनी ठरविले. १९८३ च्या कायद्यात ८४७ व्या कलमाने पवित्र तेलांविषयी हेच सांगितले आहे. रब्बी योहानान बेन नूरी यांनी बाबिलोनच्या आणि कप्पदोकियाच्या माणसांसाठी विचारलेला प्रश्न जवळजवळ अठरा शतकांनंतर ख्रिस्तसभेच्या बिशपांनी आपापल्या लोकांसाठी विचारला, आणि उत्तरही तेच मिळाले. देवाची कृपा ऑलिव्हच्या झाडांच्या सीमेपाशी थांबत नाही.

तेलाचा आणि यहुदी श्रद्धेचा संबंध आपल्या कोकणाशीही आहे. रायगड जिल्ह्यात, अलिबाग-रेवदंड्याच्या परिसरात, बेने इस्राएल हा मराठी बोलणारा यहुदी समाज शतकानुशतके राहत आला. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. घाण्यावर तेल गाळणे हा त्यांचा व्यवसाय होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. धर्मग्रंथ जवळ नव्हते, रब्बी नव्हते. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि एकाच देवाची घोषणा करणारी प्रार्थना एवढे त्यांनी जपले. काही सण मराठी नावांनी टिकले. नव्याचा सण, दारफळणीचा सण ही नावे त्यांचीच. हनुक्का मात्र त्यांना ठाऊक नव्हता. अठराव्या शतकापासून कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी त्यांना परंपरेची ओळख पुन्हा करून दिली तेव्हा तो त्यांच्याकडे आला. त्या समाजातील बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली, तरी त्यांच्यापैकी काही आजही आपल्यात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्या या लोकांना तेलाच्या सणाची आठवणही उरली नव्हती. तरीही त्यांची ज्योत विझली नव्हती. सातव्या दिवशी थांबलेला घाणा हीच त्यांची साक्ष होती. ज्या मुलखात ऑलिव्ह उगवत नाही, तेथे त्यांनी हाताशी असलेल्या तेलावर दिवा तेवत ठेवला.

अळशीच्या वातीविषयी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात एक प्रतिमा आहे आणि संत मत्तय ती प्रभू येशूला लावतो: मिणमिणती वात तो विझविणार नाही. मूळ हिब्रू भाषेत तेथे अळशी याच अर्थाचा शब्द आहे. मिश्नाच्या यादीत न विंचरलेली अळशी नाकारली आहे, कारण तिच्यावर ज्योत धड बसत नाही. धुमसणारी, फडफडणारी अशी वात कोणीही चिमटीत धरून विझवून टाकील. देवाचा सेवक तसे करीत नाही. त्याला चांगल्या आणि वाईट वातीतील फरक कळत नाही असे नव्हे. ज्योतीच्या शेवटच्या ठिणगीवरही त्याचा विश्वास आहे. हनुक्काच्या दिव्याला कोणतीही वात चालते, या नियमाशेजारी ही प्रतिमा ठेवली म्हणजे दोन्हींचा अर्थ उजळतो.

यहुदी लोकांचे हे नियम आपल्यासाठी बंधनकारक नाहीत, आणि ते आपले म्हणून मिरविण्याचाही आपल्याला अधिकार नाही. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने यहुदी लोकांशी असलेल्या आपल्या आध्यात्मिक नात्याची आठवण करून दिली. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोमच्या सिनेगॉगमध्ये जाऊन त्यांना आपले थोरले बंधू म्हटले. थोरल्या भावाच्या घरी गेल्यावर त्याची चीजवस्तू उचलून आणावयाची नसते; त्याचे अनुभव ऐकून घ्यावयाचे असतात.

त्या अनुभवांतील एक शेवटचा ऐकण्यासारखा आहे. एखाद्या गरिबाजवळ एकाच दिव्यापुरते तेल आहे. शब्बाथची संध्याकाळ आहे आणि हनुक्काही आहे. त्याने कोणता दिवा लावावा? हनुक्काच्या दिव्याचे महत्त्व थोडेथोडके नव्हे; बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्री मायमोनिदेस म्हणतात, की भिक्षेवर जगणाऱ्यानेही उसने घेऊन किंवा अंगावरचे वस्त्र विकून त्यासाठी तेल आणावे. परंतु या ठिकाणी रावा या आचार्यांचा निर्णय असा, की घरातला दिवा आधी लावावा, कारण घरातील शांती त्यावर अवलंबून आहे. अंधारात कुटुंब जेवणार, मूल अडखळणार, पतिपत्नी एकमेकांवर चिडणार. अशा घराबाहेर चमत्काराची साक्ष देणारा दिवा लावून काय साधेल? मायमोनिदेस हाच निर्णय उचलून धरतात आणि पुढे म्हणतात, की सारे धर्मशास्त्र जगात शांती नांदावी यासाठीच दिले गेले आहे.

येथे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर पूर्ण होते, असे आम्हांला वाटते. देव माणसाकडे त्याच्या हातातील तेल मागतो. नसलेले ऑलिव्ह मागत नाही. पुरेसे तेल घालून, आडोसा पाहून, दिवा लावण्याची जबाबदारी तो आपल्यावर ठेवतो. तो किती वेळ तेवेल, हे स्वतःकडे ठेवतो. आणि तेल अगदीच थोडे असेल, तर ते आधी घरातल्या माणसांसाठी खर्च करावयास सांगतो. यंदाच्या आगमनकाळात ज्यांच्या घरी जेवणाच्या वेळी एक खुर्ची रिकामी असेल, किंवा जिच्यावरचा मनुष्य हल्ली प्रार्थनेला बसत नसेल, त्यांनी त्याच्याशी वाद घालण्यात ते थोडे तेल संपवू नये. त्याच्यासाठी ताट वाढावे, त्याची विचारपूस करावी, आणि प्रार्थनेच्या वेळी नेहमीचा दिवा नेहमीच्या जागी लावावा.